खुडूक कोंबडी आणि बहात्तर तास

१८९८ च्या भारतीय टपाल कायद्यात एकोणिसावं कलम होतं. टपालाने काय पाठवायचं नाही, याची यादी त्यात दिली होती. स्फोटक वस्तू, घाणेरडे किंवा घातक पदार्थ, नीट न गुंडाळलेलं धारदार हत्यार, आणि सगळ्यात शेवटी असा कुठलाही जिवंत प्राणी, जो उपद्रवी आहे किंवा ज्याच्यामुळे वाटेत इतर टपालाला अथवा टपाल कर्मचाऱ्याला इजा होऊ शकते. हे कलम दोनदा वाचलं की लक्षात येतं, की इथे काळजी पत्रांची आणि पोस्टमनची आहे. प्राण्याचं काय होईल हा प्रश्न कायद्याला पडलेलाच नाही. आता कोंबडीचं एक दिवसाचं पिल्लू पोस्टमनला काय इजा करणार, असं कुणी म्हणेल. पण ते शिटतं, आणि शेजारी कुणाची तरी मनीऑर्डर असते. गोऱ्या साहेबाच्या टपाल खात्याला एवढं कारण पुरेसं होतं. तो कायदा आता गेला. २०२३ चा नवा कायदा १८ जून २०२४ पासून लागू झाला. पण आपल्याकडे कोंबडीचं पिल्लू टपालाने जात नाही, हे मात्र तसंच राहिलं.

अमेरिकेत ते जातं. शंभरहून जास्त वर्षं जातंय. तिथला शेतकरी वसंतात हॅचरीला ऑर्डर देतो आणि दोन-तीन दिवसांनी पोस्ट ऑफिसातून सकाळी सहाला फोन येतो, की तुमचं खोकं आलंय, फार चिवचिवाट चाललाय, लवकर घेऊन जा. आमच्या मालवण तालुक्यात तेच पिल्लू येतं घाटावरून, भोकं पाडलेल्या खोक्यात, टेम्पोतून नाहीतर बसमधून, ओळखीच्या माणसाच्या हातून. हा फरक कशातून आला याचा मागोवा घ्यायला मी बसलो, तेव्हा मला वाटलं होतं की उत्तर रस्ते, रेल्वे आणि टपाल खात्याच्या इतिहासात मिळेल. अर्धं तिथे मिळालं. उरलेलं अर्धं खुराड्यात होतं.

आधी पिल्लाच्या पोटातली गोष्ट सांगायला हवी, कारण सगळा व्यापार त्यावर उभा आहे. अंडं फोडून बाहेर येण्याच्या आदल्या एक-दोन दिवसांत पिल्लू उरलेला बलक आपल्या पोटात ओढून घेतं. या शिदोरीवर ते दाणापाण्याशिवाय दोन ते तीन दिवस तगू शकतं. पण निसर्गाने ही सोय प्रवासासाठी केलेली नाही. कोंबडी दिवसाआड-रोज एक असं करत दहा-बारा अंडी घालते आणि मग एकदम बसते. एकवीस दिवसांनी पिल्लं बाहेर पडतात ती थोडी मागेपुढे, कधी दिवसभराच्या, कधी त्याहूनही जास्त फरकाने. पहिलं बाहेर आलं म्हणून आई लगेच उठून चारायला निघाली तर मागची अंडी थंड पडतील. म्हणून ती बसून राहते आणि आधी आलेली पिल्लं तिच्या पोटाखाली पोटातल्या बलकावर दिवस काढतात. म्हणजे ही मुदत भावंडांची वाट पाहण्यासाठी आहे. आमच्या धंद्यात याला बफर म्हणतात. एका कामासाठी ठेवलेला बफर कुणीतरी दुसऱ्याच कामाला वापरायला घेतो, चार वर्षांनी तो बफर होता हेच सगळे विसरतात, आणि मग एके रात्री सिस्टीम बसते. असं मी ऑफिसात अनेकदा पाहिलं आहे.

कोंबडीच्या बाबतीत हा बफर पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर वापरला तो अमेरिकनांनी. १८९२ मध्ये न्यू जर्सीतल्या स्टॉकटन गावच्या जोसेफ विल्सन याने नुकती जन्मलेली पिल्लं रेल्वेच्या एक्स्प्रेस सेवेने गिऱ्हाइकाकडे पाठवली. तोवर लोक उबवायची अंडी पाठवत किंवा मोठी झालेली कोंबडी पाठवत. पिल्लू पाठवता येतं, आणि वाटेत त्याला काही खायला घालावं लागत नाही, ही त्या काळात नवलाची गोष्ट होती. १ जानेवारी १९१३ ला तिथे टपालाची पार्सल सेवा सुरू झाली आणि १९१८ मध्ये टपाल खात्याने एक दिवसाची पिल्लं स्वीकारायला सुरुवात केली. आजचा नियम असा, की पिल्लू जन्मल्यापासून चोवीस तासांच्या आत टपालात पडलं पाहिजे आणि बहात्तर तासांच्या आत पोचलं पाहिजे.

इथे एक गंमत सांगून टाकतो. १९१४ च्या फेब्रुवारीत आयडाहो राज्यात मे पियरस्टॉर्फ नावाच्या पाच वर्षांच्या मुलीला आईवडिलांनी पार्सल म्हणून आजीकडे पाठवलं. कोटाला ५३ सेंटांची तिकिटं चिकटवली होती. हा किस्सा खरा आहे. त्याला जोडून सांगतात, की नियमात फक्त कोंबडीची पिल्लं बसत होती म्हणून तिला पिल्लाच्या दराने पाठवलं. हे मात्र मागाहून कुणीतरी लावलेलं शेपूट दिसतं, कारण पिल्लांना परवानगी मिळाली चार वर्षांनी. आणि एक तपशील सगळे गाळतात. मुलगी एकटी गेलीच नव्हती. रेल्वेच्या टपाल डब्यात काम करणारा एक नातेवाईक तिच्यासोबत होता. जिवंत पार्सलासोबत माणूस असावा, ही अक्कल तेव्हाही लोकांना होती.

पिल्लांसोबत मात्र कुणी नसतं. त्यांना एकमेकांची ऊब पुरते, म्हणून हॅचऱ्या बहुधा पंचवीसच्या खाली ऑर्डर घेत नसत. थंडीत खोकं भरायला काही हॅचऱ्या वर जास्तीची नर पिल्लं टाकतात. गिऱ्हाइकाने मागवलेली नसतात, त्यांना कुणी पाळणार नसतं. आपण काचेच्या भांड्याभोवती वर्तमानपत्राचे बोळे कोंबतो, त्या जागी ती असतात. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी लॅपटॉप मिटून थोडा वेळ बाहेर जाऊन बसलो होतो. एरवी ही व्यवस्था चालते. फसते तेव्हा फार वाईट फसते. २०२० च्या ऑगस्टमध्ये टपालाला उशीर झाल्याने मेन राज्यातल्या शेतकऱ्यांना हजारो पिल्लं मेलेली मिळाली. २०२५ च्या मे महिन्यात डेलावेअरमध्ये सुमारे बारा हजार पिल्लं टपालाच्या एका ट्रकमध्ये तीन दिवस पडून राहिली. त्यातली हजारो मेली आणि उरलेल्यांसाठी प्राणी-आश्रयवाल्यांना घरं शोधत फिरावं लागलं.

आता हेच खोकं १९१८ साली मालवणला पाठवून पाहू. पुण्याहून निघालं तर कोल्हापूरपर्यंत रेल्वे होती, ती १८९१ मध्ये आली होती. पुढे घाट उतरून बैलगाडी. दिवसाला पंचवीस-तीस किलोमीटर धरले तर चार-पाच दिवस. बलक संपलेला. मुंबईहून आगबोटीने पाठवलं तर एक दिवस-रात्रीत जमण्यासारखं होतं, पण आगबोट पावसाळ्याच्या तोंडाला बंद व्हायची ती नारळी पौर्णिमा उलटल्यावर सुरू. शिवाय बोट धक्क्याला लागत नसे. समुद्रात उभी राही आणि माणसं, ट्रंका, पडवळाच्या करंड्या सगळं पडावात उतरवून किनाऱ्यावर आणत. रेल्वे आमच्या जिल्ह्यात आली आणि कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली ती २६ जानेवारी १९९८ ला, आणि तीही मालवणात नाही. कुडाळला किंवा कणकवलीला उतरून पुढे यावं लागतं. कोल्हापूर-वैभववाडी मार्ग अजून कागदावर आहे. म्हणजे विसाव्या शतकाचा बराचसा काळ हा किनारा पिल्लाच्या बहात्तर तासांच्या बाहेर होता.

पण त्यामुळे कुणाचं अडलं नाही. इथून कोंबड्या बाहेर जात, त्या जिवंत. सतराव्या शतकात, १६३७ च्या सुमारास, डचांनी वेंगुर्ल्याला वखार घातली. तिचे पडके अवशेष आजही उभे आहेत. गोव्याच्या पोर्तुगीजांची नाकेबंदी करणाऱ्या डच जहाजांना शिधा पुरवणं हे त्या वखारीचं एक मोठं काम होतं. त्या काळच्या लांबच्या जहाजांवर कोंबड्यांचे पिंजरे असतच, कारण बर्फ नसताना मांस टिकवण्याचा सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे ते जिवंत ठेवणं. पुढे चाकरमान्यांनीही तेच केलं. गणपती किंवा मे महिना आटोपून मुंबईला परत निघालेल्या माणसाच्या हातात तांदूळ, कोकमं, फणसाचे गरे आणि कधी पिशवीतून मान बाहेर काढलेली एखादी तलंग. पाय बांधलेले, डोकं खाली. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने प्राण्याला विनाकारण यातना होतील अशा रीतीने नेणं गुन्हा ठरवलं, पण एसटीत हा कायदा काढून दाखवणारा कुणी मी पाहिलेला नाही. कोंबडीला अर्धं तिकीट फाडल्याच्या बातम्या मात्र कर्नाटकातून अधूनमधून येतात.

आणि नवी जात, नवं रक्त आत आणायचं असेल तर? त्यासाठी अंडी आणत. आजी सांगते, तिच्या लग्नानंतर मसुऱ्याहून माहेरची अंडी आली होती. भाताच्या तुसात, टोक खाली करून, करंडीत बसवून, आणि आणणारा तिचा भाऊ वाटेत करंडी खाली न ठेवता चालत आला होता. आल्यावर एक दिवस अंडी तशीच राहू दिली आणि मग खुडूक कोंबडीखाली घातली. "अंड्याक धक्को लागलो काय पिल्लू होणा नाय," हे ती मला लहानपणापासून ऐकवत आलीय. पिल्लाची मुदत तीन दिवसांची, तर फळलेल्या अंड्याची थंडीच्या दिवसांत आठवडाभराची. त्याला श्वास कोंडण्याची भीती नाही, तहान नाही. आणि ऊब मिळेपर्यंत आत काही सुरूच होत नाही, म्हणजे घड्याळ चालू करायचं आपल्या हातात. चैत्र-वैशाखात तेवढं जमत नाही, कारण आमच्याकडच्या उष्म्यात अंड्यात जीव अर्धवट धरू लागतो आणि मग ते नासतं. पण इतर दिवसांत मसुरे काय आणि सावंतवाडी काय, अंडं पोचतं.

या सगळ्याला एकच अट होती. दुसऱ्या टोकाला खुडूक कोंबडी हवी. ज्यांनी ती पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. अंडी घालता घालता एके दिवशी कोंबडी घालायची थांबते. पंख फुगवून कोपऱ्यात बसते, हात लावला तर चोच मारते, दाण्याला दिवसातून एकदा उठते. घरची माणसं मग जुन्या पाटीत राख आणि पेंढा घालून तिच्याखाली अंडी सरकवतात. अंडी तिची असायला हवीत असं नाही, शेजारणीची चालतात, बदकाचीही चालतात. एकवीस दिवस ती ऊब देते, अंडी फिरवते, आणि पुढे दीड-दोन महिने पिल्लांना घारीपासून, मुंगसापासून सांभाळते. यंत्र, वीज, ब्रूडर, सगळं तिच्यात आलं.

अंड्याच्या व्यापाऱ्याच्या हिशेबात मात्र खुडूक कोंबडी म्हणजे बंद पडलेलं यंत्र. एकदा बसली की कित्येक आठवडे अंडं नाही. म्हणून गेल्या शंभरेक वर्षांत जगभरच्या पैदासकारांनी न बसणाऱ्या कोंबड्या निवडत नेल्या. लेगहॉर्न तर जवळजवळ बसतच नाही. आपल्याकडे ही हवा जोरात आली ती सत्तरच्या दशकात. १९७१ मध्ये डॉ. बी. व्ही. राव यांनी व्यंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली, पुढे पुणे हे त्या धंद्याचं केंद्र झालं. सरकारी बाजूला पशुसंवर्धन खात्याची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रं खडकी, कोल्हापूर, औरंगाबाद आणि नागपूरला चालतात. परसातल्या पाळणाऱ्यांसाठी बेंगळुरूच्या कृषी विद्यापीठाने गिरिराज काढली, हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेने वनराज. दोन्ही गावठीपेक्षा लवकर वाढतात आणि जास्त अंडी देतात, आणि रंगीत असल्याने बाजारात गावठी म्हणून खपूनही जातात. पण त्या क्वचितच खुडूक होतात. झाबुआहून आलेल्या कडकनाथचीही तीच तक्रार आहे.

याचा परिणाम कळायला मला वेळ लागला. घरात एकदा खोक्यातली पिल्लं आली, मोठी झाली, अंडी देऊ लागली, पण बसली नाहीत, तर पुढच्या वर्षी पुन्हा खोकं मागवावं लागतं. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा. पूर्वी बाहेरून रक्त आणायचं ते दहा-बारा वर्षांतून एकदा, करंडीभर अंड्यांनी. आता दर हंगामाला घाट उतरून खोकं यायला हवं. बहात्तर तास हा अमेरिकन टपालाचा नियम आमच्या परसात येऊन बसला, आणि टपाल मात्र आलं नाही.

हे खोकं कसं असावं याचा आपल्याकडे चांगला तपशीलवार नियम आहे. प्राण्यांच्या वाहतुकीचे नियम १९७८ मध्ये झाले, कोंबड्यांचं प्रकरण त्यात २००१ मध्ये घातलं गेलं. एक दिवसाच्या पिल्लांसाठी ६० बाय ४५ सेंटिमीटरचं आणि १२ सेंटिमीटर उंचीचं खोकं, त्यात ८० पिल्लं. भागाकार केला तर एका पिल्लाला साधारण ३४ चौरस सेंटिमीटर, म्हणजे दोन काडेपेट्या शेजारी ठेवाव्यात एवढी जागा. पिल्लं जन्मल्यावर लगेच रवाना करायची, खोक्यात ताटकळत ठेवायची नाहीत. ऊन, पाऊस लागू द्यायचा नाही. खोक्यावर दुसरा माल ठेवायचा नाही. रेल्वेचा प्रवास बारा तासांहून जास्त असेल तर सोबत माणूस हवा. मोठ्या कोंबड्यांना उन्हाळ्यात दर सहा तासांनी पाणी हवं. युरोपातला नियम याहून कडक आहे. तिथे पिल्लांना दाणापाण्याशिवाय न्यायचं तर प्रवास चोवीस तासांत आणि जन्मापासून बहात्तर तासांत संपला पाहिजे. अलीकडचे अभ्यास तर सांगतात, की दीड-दोन दिवस दाणापाणी न मिळालेलं पिल्लू जगलं तरी पुढे वाढीत मागे पडतं.

आपले नियम वाचताना डोळ्यांसमोर येतो तो हॅचरीचा ट्रक, जिथे पाठवणारा आणि घेणारा दोघेही धंदेवाले आहेत. दहा-वीस पिल्लं मागवणारं घर त्यात दिसत नाही. टाळेबंदीत मी वर्षभर गावातून काम करत होतो. वाडीतल्या चुलत्यांनी फोनवरून घाटावरच्या एका विक्रेत्याकडे पन्नास कडकनाथ मागवली. पैसे आधी गेले. खोकं एका गाडीवाल्याकडे दिलं, त्याने ते दुसऱ्याकडे दिलं, आणि ज्याने शेवटी आणायचं त्याची गाडी त्या दिवशी आलीच नाही. रात्रभर खोकं कुठल्यातरी टपरीच्या कट्ट्यावर होतं. आम्ही उघडलं तेव्हा तळाशी मेलेली पिल्लं चपटी झालेली होती आणि वरची त्यांच्यावर उभी होती. विक्रेता म्हणाला, माझ्याकडून निघाली तेव्हा जिवंत होती. गाडीवाला म्हणाला, मला खोकं सांगितलं होतं, आत काय ते नाही. दोघेही खरंच बोलत होते. काका खोकं घेऊन माडाच्या मुळाशी गेले आणि त्यांनी विषय पुन्हा काढला नाही.

टपालात निदान पावती असते, नंबर असतो, शेवटी कुणीतरी फोन करतो की खोकं आलंय. तरीही आपल्याकडे टपालाने पिल्लं सुरू करावीत असं मी म्हणणार नाही. डेलावेअरचा ट्रक टपालाचाच होता. आणि पिल्लासोबत आणखी काय येतं हाही प्रश्न आहे. मानमोडी, म्हणजे रानीखेत, हा रोग १९२६ मध्ये जावा बेटावर आणि इंग्लंडातल्या न्यूकॅसल बंदराजवळ ओळखला गेला, आणि पाठोपाठ आपल्याकडे रानीखेतला. तो न्यूकॅसलला जहाजाने पोचला असावा, असा तेव्हाचा अंदाज होता. आज वाडीतल्या बायका पिल्लांच्या डोळ्यांत लासोटाचा थेंब घालतात ते त्याच रोगासाठी. लासोटा हे न्यू जर्सीतल्या ज्या शेतकऱ्याच्या कोंबड्यांतून तो विषाणू घेतला त्याचं आडनाव. पिल्लांचं खोकं आणि त्यावरचा थेंब दोन्ही एकाच छोट्या राज्यातून निघाले, हा योगायोग मला आवडतो. २००६ च्या फेब्रुवारीत भारतातला पहिला बर्ड फ्लू आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला सापडला. २००९ च्या कायद्याने तर साथीच्या काळात पक्ष्यांची ने-आण थांबवण्याचे अधिकारच सरकारला दिले. हातोहात, पावतीशिवाय फिरणारं खोकं अशा वेळी कुठून कुठे गेलं, हे कुणालाच सांगता येत नाही.

पिल्लू लांब पाठवायचं नसेल तर मधे थांबे घ्यावे लागतात. दिल्लीच्या केग फार्म्सने कुरॉयलर या जातीसाठी हे केलं. एक दिवसाची पिल्लं जवळच्या छोट्या पालकांकडे द्यायची, त्यांनी ती तीन आठवडे वाढवायची, लसी टोचायच्या, आणि मग सायकलवाल्या फेरीवाल्यांनी गावोगाव विकायची. आपल्या सरकारी योजनेतही दिवसाच्या पिल्लांसोबत आठ-दहा आठवड्यांच्या तलंगांचा गट मिळतो तो याच विचाराने. आणि २०१० च्या सुमारास कुरॉयलर युगांडाला न्यायची वेळ आली तेव्हा शास्त्रज्ञांनी पिल्लं नेली नाहीत. अंडी नेली.

काकांनी पुढच्या वर्षी पुन्हा पिल्लं आणली. या वेळी वीसच, आणि कुडाळला स्वतः जाऊन, सकाळी निघालेली दुपारी घरात. त्यांच्याकडे एक गावठी कोंबडी आठवडाभर आधी रिकाम्या पाटीत नकली अंड्यांवर बसवून ठेवली होती. काकूंनी अंधार पडल्यावर दिवा न लावता तिच्याखालची अंडी काढली आणि एकेक पिल्लू सरकवलं. दिवसा केलं तर ती ओळखते आणि टोचून मारते, म्हणून रात्री. सकाळी डालगं उचललं तेव्हा गावठी कोंबडी काळ्या पिल्लांचा घोळका घेऊन शेणाच्या ढिगाकडे निघालेली होती. अठरा होती. दोन पाटीतच राहिली होती.